नवी मॅट घेण्याआधी जुनी उचलून बघा

पत्र: दोन घोड्यांचा जुना ट्रेलर घेतला आहे. तळ लाकडी फळ्यांचा असून त्यावर दोन रबर मॅट आडव्या टाकलेल्या आहेत, एक पुढे आणि एक मागे. ब्रेक लागला की पुढची मॅट सरकते आणि मधे चार बोटांची फट पडते. कितीही धुतलं तरी वास जात नाही. घोडी शांत उभी राहते, पण घोडा वळणावर पाय घसरून धडपडतो. नवी मॅट १० मिमीची घ्यावी की १८ मिमीची? कुणी फोमची हलकी मॅट सुचवतं, कुणी म्हणतं एकदाच चिकटवून टाका, कटकट संपेल. रॅम्पचं रबर कडांना सुटलं आहे, त्याचं काय करू? आणि मॅट किती दिवसांनी उचलून धुवायची?

उत्तर: तुम्ही जाडीपासून सुरुवात केलीत, आम्ही वासापासून करतो. घन, साच्यात दाबून भाजलेलं रबर मूत शोषून घेत नाही. त्याला वास लागलाच तर तो वरच्यावर असतो आणि साबणाच्या एका धुण्यात जातो. धुऊनही वास राहतो तेव्हा मूत मॅटच्या खाली पोचलेलं असतं, आणि तुमच्याकडे ते कुठून पोचतं हे तुम्हीच लिहिलं आहे: चार बोटांच्या फटीतून. म्हणून मॅटची खरेदी थोडी थांबवा. जुन्या मॅट बाहेर काढा आणि खालचा तळ नीट तपासा. तळ कुजलेला असेल तर त्यावर कितीही चांगली मॅट टाकली तरी तिने फक्त झाकपाक होईल.

मॅट काढायला दोन माणसं लागतात. रबराला हाताने धड पकड मिळत नाही, म्हणून कडेला लॉक होणारी ग्रिप पक्कड लावा आणि पक्कड धरून ओढा, बोटं वाचतील. त्याआधी ट्रेलर गाडीला जोडलेला असू द्या, किंवा मागच्या टोकाखाली भक्कम टेकू द्या आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागच्या टोकावर दोन माणसं उभी राहिली की सुटा ट्रेलर मागे कलंडतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

तळ मोकळा झाला की आधी फक्त झाडा. धुऊ नका, कारण ओलं लाकूड सगळंच सारखं काळं दिसतं. दोन दिवस वाऱ्यावर वाळू द्या. मग एक मध्यम स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि दर वीतभर अंतरावर फळीत टोचत जा. चांगल्या लाकडात टोक दोन-तीन मिलिमीटर रुततं आणि काढताना अडतं. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात गेल्यासारखं जातं आणि बाहेर येताना भुसा घेऊन येतं. हातोडीचा दांडा आपटून बघा: धड फळी टणक वाजते, कुजलेली भद्द वाजते. दोन जागांवर जास्त लक्ष द्या. घोडी मागे मुतते, त्यामुळे तिच्या कप्प्यात मागचा हातभर पट्टा आणि रॅम्पच्या बिजागरीजवळची कड आधी जाते. घोड्याचं मूत पोटाखाली पडतं, म्हणून त्याच्या कप्प्यात मधला भाग. तुमच्या ट्रेलरमध्ये नेमकी तिथेच दोन मॅटची फट आहे, त्यामुळे तिथल्या फळ्यांबद्दल आम्हाला फारशी आशा नाही.

वरून तपासणं हे अर्धंच काम. टॉर्च घेऊन ट्रेलरखाली जा. फळ्या ज्या आडव्या लोखंडी चॅनेलवर टेकतात, तिथे लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये ओल अडकते आणि फळी नेमकी त्या ओळीत खालून कुजते. वरून तिला काहीच झालेलं दिसत नाही. खालूनही स्क्रू ड्रायव्हर टोचा. चॅनेलवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा. वरवरची लाली निघून चकाकी आली तर रंग देऊन काम भागेल. पापुद्रे सुटत असतील किंवा हातोडीने ठोकल्यावर भोक पडत असेल तर ते वेल्डरचं काम आहे, आणि ते होईपर्यंत ट्रेलरमध्ये घोडा चढवायचा नाही. पाचशे किलोचा घोडा वळणावर तोल सावरताना क्षणभर दोन पायांवर येतो. तेव्हा एका खुरावर, म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर, अडीचशे किलो येतात. तुम्ही स्वतः तळावर उड्या मारून तो भक्कम आहे असं ठरवू नका. तुमच्या वजनाने या बाबतीत काहीच सिद्ध होत नाही.

तळावर पांढरा थर दिसला तर घाबरू नका. घोड्याच्या मुतात कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असतं, ते वाळून चुन्यासारखं बसतं. लाकडावर ते खरवडून काढलं की झालं. हीच पांढरी पूड ॲल्युमिनियमच्या तळावर दिसली तर मात्र शहानिशा करावी लागते, कारण ॲल्युमिनियम खराब होतानाही पांढरंच दिसतं. त्यावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर ते मुताचं कॅल्शियम आहे. फसफसलं नाही आणि घासल्यावर खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसले तर धातू खाल्ला जातो आहे.

एखाददुसरी फळी खराब निघाली तर तेवढीच बदलता येते, पण नवी फळी जुनीइतक्याच जाडीची हवी. दोन फळ्यांत चार मिलिमीटरचा उंचवटा राहिला तर त्या ओळीवर मॅट लवकर झिजते आणि तिथेच चिरते. ट्रेलरच्या फळ्या साधारण ४० ते ५० मिमी जाडीच्या असतात. जुनी काढून कडेला, जिथे ती झिजलेली नाही, तिथे मोजा. जुन्या फळ्यांत निचऱ्यासाठी फटी ठेवल्या असतील तर तुम्हीही ५-६ मिमी फट ठेवा. दाबाने औषध भरलेलं लाकूड वापरणार असाल तर स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेस किंवा गरम जस्तात बुडवलेले घ्या, कारण तांबंयुक्त औषध साध्या लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला खातं. फळीची टोकं आणि कापलेल्या बाजू सील करायला विसरू नका. पाणी सपाट पृष्ठभागापेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने आत शिरतं. आणि एक जुनी सवय सोडा: इंजिनचं जळकं तेल तळाला पाजणं. पेट्रोलियम तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, तळ निसरडा होतो, वर ते तेल घोड्याच्या कातडीला लागतं ते वेगळंच. लाकडाला जे काही लावाल ते पूर्ण वाळेपर्यंत त्यावर मॅट टाकू नका. चिकट थरावर रबर ठेवलं तर दोन्ही एकमेकांना धरतात आणि पुढच्या वेळी मॅटबरोबर लेपही उखडून येतो.

आता मॅट.

१० मिमी की १८ मिमी या प्रश्नाचं उत्तर वजनात आहे. घन रबराच्या एक चौरस मीटर मॅटचं वजन दर मिलिमीटर जाडीमागे सव्वा ते दीड किलो धरा. तुमचा तळ १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर लांब असला, म्हणजे सुमारे चार चौरस मीटर, तर १८ मिमीची मॅट ९० ते १०५ किलोच्या घरात जाईल, १२ मिमीची ६० ते ७० किलो आणि १० मिमीची ५० ते ६० किलो. हे वजन ट्रेलरच्या परवानगीच्या भारातून वजा होतं, हे हिशेबात घ्या. पण जड असण्यातच मॅटचा निम्मा उपयोग आहे: जड मॅट जागची हलत नाही, कडा वळत नाहीत, फळ्यांचे सांधे खुराला जाणवत नाहीत. १० मिमीची मॅट फळ्यांच्या तळावर कडेने कुरळी होते आणि खाली लीद शिरायला लागते. आमचा सल्ला १८ मिमी. तुमचा ट्रेलर भाराच्या बाबतीत काठावर असेल तर १२ मिमीवर या, त्याखाली उतरू नका. १० मिमीची जागा भिंतीवर आणि रॅम्पवर आहे.

फोमच्या मॅटबद्दल. ईव्हीए फोम हलका असतो, उबदार असतो, तबेल्यात उभ्या घोड्याला छान वाटतो. ट्रेलरमध्ये तोच मऊपणा अंगाशी येतो. नालेची कड त्यात रुतते, वळणावर पाय फिरला की तुकडा निघतो. स्टड (पकडीसाठी नालेत बसवलेले टोकदार खिळे) लावलेल्या नालांनी तर एका प्रवासात चाळण होते. शिवाय तो इतका हलका असतो की खाली ओल गेली की तरंगल्यासारखा सरकतो. अनवाणी खुरांचा, हलका घोडा आणि क्वचित, जवळचा प्रवास असेल तर चालेल. तुमचा घोडा धडपडतो आहे, त्याला फोम नको.

तिसरा प्रकार तुमच्या पत्रात नाही, पण दुकानात स्वस्त म्हणून समोर येईल: जुन्या टायरचा चुरा गोंदाने जोडून केलेली मॅट. ओळखायची खूण म्हणजे कापलेल्या कडेला दाणे वेगळे दिसतात आणि नखाने टोकरल्यावर निघतात. तिच्यावर चमचाभर पाणी टाकून पाच मिनिटं थांबा. पाणी आत जिरत असेल तर मूतही जिरेल, आणि मग तुमचा आजचाच वास परत येईल, फक्त यावेळी तो मॅटमधूनच येईल. जिममध्ये ती मॅट ठीक आहे. घोड्याखाली घन रबरच हवं. कापलेली कड गुळगुळीत, एकजीव दिसली पाहिजे आणि कोपरा दुमडून सोडल्यावर तिथे पांढरी भेग उमटता कामा नये.

पाठीकडची बाजू बघूनच मॅट घ्या. पाठीला लांब खोबणी असतील तर खाली गेलेलं पाणी वाहून जातं आणि थोडी हवा खेळते; खोबणी ट्रेलरच्या लांबीत, पुढून मागे, यायला हव्यात. आडव्या आल्या तर त्यांत पाणी साचून राहतं. सपाट पाठ तळाला पोटिसासारखी चिकटते आणि ओल अडकवते. गोल बटणांची पाठही चालते. वरच्या बाजूला फार खोल नक्षी नको, त्यात लीद दाबून बसते आणि मग नक्षीचा उपयोगच उरत नाही. हातोडीने ठोकून बारीक खडबडीत केल्यासारखी किंवा बारीक दाणेदार बाजू सगळ्यात बरी. दुकानात मॅट कोरडी बघून फसू नका: तिच्यावर पाणी ओता, चिमूटभर माती टाका आणि बुटाचा तळवा जोर देऊन फिरवा. कोरडं रबर सगळंच पकड देतं.

नव्या मॅटवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलकट पदार्थाचा पातळ थर असतो. तो दिसत नाही, पण ओला झाला की मॅट साबणासारखी होते. वापरण्याआधी भांडी घासायच्या साबणाने आणि ताठ ब्रशने दोन-तीनदा घासा आणि दर वेळी भरपूर पाण्याने धुवा. रबराचा नवा वासही उघड्यावर आठवडाभर ठेवल्यावर बराच उतरतो. बंद ट्रेलरमध्ये तो तसाच कोंडू नका.

सरकण्याचं कारण बहुतेक वेळा मापात असतं, म्हणून मापावर वेळ घालवा. तुमच्या दोन मॅटचा सांधा आडवा आहे. ब्रेकचा जोर पुढे, गाडी सुटतानाचा जोर मागे, त्यामुळे असा सांधा उघडणारच, आणि तो उघडतो अगदी खुराखाली. शक्य तर अख्ख्या तळाला एकच मॅट घ्या. वजन झेपत नसेल तर दोन तुकडे करा, पण सांधा लांबीत ठेवा, मधल्या पार्टिशनच्या बरोबर खाली, जिथे कुठलाच खूर पडत नाही. ४५-५० किलोचा एक तुकडा दोन माणसं आरामात काढू-घालू शकतात, आणि पुढच्या उचलण्याचा कंटाळाही येत नाही. हा दुसरा फायदा आम्हाला एकसंध मॅटपेक्षा मोठा वाटतो. उचलायला जड वाटणारी मॅट कुणी उचलत नाही.

ट्रेलरचा तळ गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे असं धरून चालू नका. रुंदी पुढे, मधे आणि मागे अशी तीनदा मोजा, लांबी दोन्ही बाजूंना आणि मधे मोजा, दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक आला तर सरळ जाड पुठ्ठ्याचा साचा करा. चाकांच्या कमानी, पार्टिशनचे खांब, दाराच्या चौकटीचे कोपरे हे सगळं पुठ्ठ्यावर कापून, तळात ठेवून बघून मगच रबराला हात लावा. मॅट पाठीकडून कापणं सोपं जातं, कारण तिथे नक्षी आडवी येत नाही. पण तेव्हा साचाही उलटा ठेवायचा. हे विसरल्यामुळे उजवीकडची कमान डावीकडे कापली गेल्याची उदाहरणं कमी नाहीत, आणि कापलेलं रबर परत जोडता येत नाही.

कापण्याआधी मॅट दिवसभर सपाट पसरून ठेवा. गुंडाळून आलेलं रबर ताणलेलं असतं. लगेच कापलं तर दुसऱ्या दिवशी आखूड निघतं. तापमानाचाही हिशेब करा. दोन मीटरची मॅट कडक थंडी आणि कडक ऊन यांच्यामध्ये पाऊण-एक सेंटिमीटरपर्यंत कमी-जास्त होऊ शकते. थंडीत कापत असाल तर प्रत्येक बाजूला ५ मिमी जागा सोडा, उन्हाळ्यात २-३ मिमी पुरे. अगदी घट्ट ठोकून बसवलेली मॅट उन्हात फुगून मधे उठते. त्या फुग्याला घोडा ठेचकाळतो आणि फुग्याखाली मूत साचतं. फार सैल कापली तर आज तुमच्याकडे चाललंय तेच चालू राहील.

कटरचं पातं नवं घ्या आणि चार-पाच जास्तीची जवळ ठेवा. खाली, कापायच्या रेषेच्या लगेच आतल्या बाजूला, एक लाकडी पट्टी सरकवा म्हणजे कापलेली फट आपोआप उघडत जाते आणि पातं अडकत नाही. वरून सरळ लोखंडी पट्टी दाबून धरा, पातं साबणाच्या पाण्यात बुडवा आणि पहिला कट फक्त २-३ मिमी खोल घ्या. तो सरळ आला की पुढचे कट त्याच खोबणीत जातात. १८ मिमीला चार-पाच वेळा फिरवावं लागतं. एका दमात कापायला गेलात तर पातं तिरकं जातं किंवा मोडतं, आणि ते मोडताना आपला हात नेमका समोर असतो. गोलाईसाठी जिगसॉ चालतो, मोठ्या दातांचं पातं लावून, हळू वेगात, साबणाचं पाणी मारत. वेग वाढवला की रबर तापून पात्याला चिकटतं.

मॅट जागेवर ठेवायला तीन गोष्टी पुरतात: बरोबर माप, स्वच्छ तळ आणि मागच्या कडेला एक अटकाव. स्वच्छ तळ म्हणतो कारण फळी आणि रबर यांच्यात वाळलेल्या लीदेची बारीक पूड राहिली की ती छऱ्यांसारखी काम करते. अटकावासाठी मागच्या टोकाला स्टेनलेसची किंवा ॲल्युमिनियमची अँगल पट्टी लावा. तिची उंची मॅटच्या जाडीपेक्षा कणभर कमी हवी, वरची कड कानशीने गोल केलेली हवी आणि तिच्यात हातभर अंतरावर पाणी जायला खाचा हव्यात. स्क्रू कुजक्या फळीत मारू नका, खालच्या लोखंडी चॅनेलपर्यंत जाऊ द्या. कोपऱ्यांना स्क्रू आणि मोठे वॉशर लावायचेच असतील तर चार पुरेत, डोकी रबरात बुडलेली असू द्या, आणि प्रत्येक भोकात पॉलियुरेथेन सीलंट भरा. सिलिकॉन सीलंट रबराला नीट धरत नाही. प्रत्येक स्क्रू म्हणजे मुताला खाली जायला एक वाट, हे लक्षात ठेवून जितके कमी मारता येतील तितके मारा.

चिकटवून टाकण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: लाकडी तळावर नाही. चिकटवलेल्या रबराखाली ओल कुठून तरी शिरतेच, भिंतीच्या कडेने, बिजागरीकडून, एखाद्या स्क्रूतून. शिरलेली ओल बाहेर पडत नाही, आणि तळ कुजतो आहे हे तुम्हाला घोड्याचा पाय आरपार गेल्यावरच कळेल. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सहसा कुजत नाही. चिकटवलेल्या मॅटखाली ती तेवढी खाली येतच नाही. ॲल्युमिनियमच्या एकसंध तळावर, चारही कडा भिंतीपर्यंत वळवून सील केलेलं रबर हा वेगळा प्रकार आहे. कारखान्यात तो नीट करतात आणि तो टिकतोही, पण तिथेसुद्धा कड सुटल्याचं दिसल्या दिवशी ती बंद करावी लागते. अंगणात बसून डब्यातल्या गोंदाने तसं काम होत नाही.

रॅम्पवर मात्र गणित उलटं आहे. तिथे रबर चिकटवलेलं आणि कडेने पट्टी मारलेलं असलंच पाहिजे, कारण चढणाऱ्या घोड्याच्या मागच्या पायांचा सगळा रेटा त्यावर येतो. सुटलेली कड परत चिकटवायच्या आधी ती आणखी थोडी उचला आणि खालचं प्लायवूड बघा. रॅम्पचं प्लायवूड बिजागरीच्या टोकाला आणि जमिनीला टेकणाऱ्या टोकाला कुजतं. कडेने फुगलेलं, पदर सुटलेलं किंवा पाय दिल्यावर लवणारं दिसलं तर रबर चिकटवण्यात अर्थ नाही, आधी प्लायवूड बदला. ते धड निघालं तर जुना गोंद खरवडून काढा, रबराची पाठ जाड पॉलिश पेपरने खरखरीत करा, कॉन्टॅक्ट ॲढेसिव्ह दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा आणि मगच एका टोकाकडून रोलर फिरवत दाबत जा. मग कडेला ॲल्युमिनियमची चपटी पट्टी आणि तिच्याखाली सीलंट. रॅम्पसाठी ६ ते १० मिमीचं आडव्या कड्यांचं रबर घ्या. १८ मिमीचं टाकलंत तर रॅम्प उचलणाऱ्या स्प्रिंगा त्या वजनासाठी बनलेल्या नसतात, आणि मग रॅम्प उचलायला माणूस लागतो किंवा तो हातातून सुटून पायावर येतो. रॅम्प आणि तळ यांच्यामधली बिजागरीची फट रबराच्या पट्टीने झाका, ती पट्टी फक्त एका बाजूने, तळाच्या बाजूने, पक्की करा. दोन्ही बाजूंनी केलीत तर रॅम्प बंद करताना ती फाटते.

आता उचलण्याचा प्रश्न. प्रत्येक प्रवासानंतर त्याच दिवशी लीद आणि ओला भुसा काढून टाका, मॅटवरून पाणी मारा, दारं आणि खिडक्या उघड्या ठेवा. पुढच्या जॉकी चाकाने (नाकाखालच्या, उंची बदलता येणाऱ्या छोट्या चाकाने) नाक थोडं वर करा म्हणजे पाणी मागे वाहून जाईल. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय हे करू नका. रॅम्प उघडा ठेवूनच ट्रेलर वाळू द्या. आठवड्याला प्रवास होत असेल तर मॅट महिन्यातून एकदा पूर्ण बाहेर काढा. कधीमधी वापर असेल तर तीन महिन्यांतून एकदा, आणि ट्रेलर बराच काळ उभा ठेवणार असाल तर उभा करण्याआधी नक्की. उभ्या ट्रेलरमध्ये मॅट जागेवर टाकून ठेवू नका, भिंतीला कडेवर टेकवून ठेवा. लांबच्या प्रवासात मूत बरंच झालं असेल तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. मोठा घोडा दिवसाला पाच ते पंधरा लिटर मुततो, त्यातला थोडा भाग जरी कडेने खाली गेला तरी महिनाभर थांबण्यात शहाणपण नाही.

धुण्यासाठी सौम्य साबण, ताठ ब्रश, पाणी. इतकंच. मॅटची पाठ आधी धुवा, वास तिथे असतो. प्रेशर वॉशर मॅटवर बिनधास्त वापरा, पण लाकडी तळावर नोझल हातभर लांब धरा. जवळून मारलेला झोत तंतू उसकटतो आणि पाणी लाकडात आत ठोसतो. वास फारच असेल तर व्हिनेगर आणि पाणी समसमान करून शिंपडा, दहा मिनिटांनी धुऊन टाका. अमोनिया त्याने मरतो. ब्लीच घेऊ नका. मूत मुरलेल्या जागेवर ब्लीच पडलं की क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो, आणि ट्रेलरसारख्या बंद जागेत तो तुमच्याच छातीत जातो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच नाही, त्यातून क्लोरीन सुटतो. पेट्रोल, रॉकेल, थिनर रबराला फुगवतात. टायरला लावायचं चमक आणणारं द्रव्य मॅटला लावणारे लोकही आहेत. घोडा पाडायचा असेल तर याहून सोपा उपाय नाही. मॅटखाली चुना भुरभुरवण्याची पद्धत लाकडावर खपून जाते, ॲल्युमिनियमवर अजिबात नाही, कारण अल्कली त्या धातूला खाते. त्याऐवजी झिओलाइट या वास शोषणाऱ्या खनिजाची पूड वापरा. आजारी घोडा नेला असेल तर जंतुनाशक लागेल, पण आधी साबणाने लीदेचा कण न कण काढा. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक घाणीतच संपतं. साबणाने धुतल्यावर जंतुनाशक लावा, लेबलवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्या आणि मग पाण्याने धुवा.

वासाकडे लक्ष द्यायचं अजून एक कारण. प्रवासात घोडा डोकं वर बांधलेल्या अवस्थेत तासन्‌तास उभा असतो, त्याला मान खाली घालून श्वासनलिका मोकळी करता येत नाही. त्यात अमोनिया भरलेली हवा म्हणजे छातीच्या दुखण्याला आमंत्रण. दार उघडल्यावर तुमच्या डोळ्यांना चुरचुरलं तर घोड्याला त्याच्या कितीतरी पट जास्त त्रास झालेला असतो. मॅटवर रंध्याचा भुसा तीन-चार बोटं पसरा, धूळ उडत असेल तर हलकं पाणी शिंपडून. भुशाने मूत टिपलं जातं, शिंतोडे कमी उडतात, आणि उघड्या रबरावर मूत अडवून धरणारे घोडे भुशावर मोकळे होतात.

उरला तुमचा धडपडणारा घोडा. आडवी फट बंद झाली आणि मॅट खडबडीत आली की त्याचा बराचसा त्रास जाईल. पण मॅट बदलूनही तो वळणावर तसाच धडपडला तर पार्टिशन बघा. पार्टिशन तळापर्यंत पत्र्याने बंद असेल तर घोड्याला तोल सांभाळायला पाय फाकवायला जागा मिळत नाही. अनेक ट्रेलरमध्ये पार्टिशनचा खालचा भाग काढता येतो आणि त्याजागी जाड रबराचा लोंबता पडदा लावता येतो, म्हणजे पाय पसरता येतात आणि शेजारच्याच्या पायावर पायही पडत नाही. नालांना स्टड असतील तर प्रवासाआधी काढून घ्या, आणि वळण चालताना नव्हे, वळणाच्या आधीच वेग कमी करा.

जुन्या मॅट फेकून देऊ नका. फाटलेला भाग कापून काढा, उरलेल्या तुकड्याचा तबेल्याच्या दाराशी, जिथे खुरांनी खड्डा पडतो तिथे, किंवा घोडा धुण्याच्या जागी चांगला उपयोग होतो. आणि एक फूटभर तुकडा ट्रेलरमध्येच ठेवा: रॅम्पची कड चिखलात रुतत असेल तेव्हा खाली सरकवायला.